खेळाची खोली
(नभोवाणीवर झालेलें भाषण)

घर बांधूं इच्छिणारा मनुष्य आराखडा घेऊन बसला म्हणजे देवघर कोठें, स्वयंपाकघर कोठें, कोठीची खोली कोठें, याचा विचार तो कोणी न सांगतां करतो. खेळासाठीं मात्र निराळी जागा राखावी, असें त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. खेळ हा उरलेल्या जागेंत आणि उरलेल्या वेळांत उरकावयाचा, अशीच आपली समजूत असते. आज मला आपणांशीं जिच्याविषयीं बोलावयाचें आहे ती खोली केवळ खेळासाठीं राखलेली आहे. आणि खेळही थोडा अपरिचित, म्हणजे पिनबॉलचा.

याला निमित्त झाला माझा भाचा. घरांचे आराखडे काढण्यांत माझें आयुष्य गेलें, आणि हा भाचा अनेक वर्षें अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहतो. त्यानें मला लिहिलें, “मामा, घराखालचें तळघर रिकामें पडलें आहे. वीस फूट लांब, चौदा फूट रुंद. त्यांत पिनबॉलचीं यंत्रें मांडावयाचा विचार आहे. किती बसतील तें तुम्ही सांगा.” सोबत त्यानें स्वतः काढलेला नकाशा होता. लांब भिंतीशीं पांच यंत्रें ओळीनें उभीं केलेलीं, समोर कॅरमचें टेबल. साऱ्या नकाशांत खुर्ची मात्र एकही नव्हती.

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. आपल्याकडे मुलांच्या हातीं खिळे ठोकलेला ‘बॅगाटेल’चा लाकडी पट असे, तो आठवा. अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें रूढ झालेल्या बॅगाटेलचाच हा वंश. १८७१ सालीं अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं माँटेग्यू रेडग्रेव्ह यानें त्या खेळांतील सुधारणांचें पेटंट घेतलें, आणि गोळी उडविण्यासाठीं काठीच्या जागीं स्प्रिंगचा दट्ट्या आला. १९३१ सालीं गॉटलिब यांच्या ‘बॅफल बॉल’ या यंत्रानें हा खेळ दुकानांदुकानांतून पोंचविला. परंतु गोळी एकदां सुटली कीं ती कोठें जाईल हें पुष्कळसें दैवावरच अवलंबून असे. १९४७ सालीं गॉटलिब यांच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रांत विजेवर हालणारे सहा लहान हात आले. त्यांना फ्लिपर म्हणतात. बाजूची कळ दाबतांच ते उसळतात आणि खालीं घरंगळणाऱ्या गोळीला पुन्हा वर धाडतात. तेव्हांपासून नजर आणि हात यांना या खेळांत खरें काम मिळालें.

हा इतिहास मी उगाच सांगत नाहीं. भाच्याचा बेत ऐकून माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, संतापली होती. ती वर्षांतील सहा महिने त्याच्याकडे असते. “जुगाराचीं यंत्रें घरांत कशाला?” असा तिचा प्रश्न; आणि तो अगदींच निराधार नव्हता. न्यूयॉर्क शहरानें १९४२ सालीं, महापौर ला गार्डिया यांच्या कारकीर्दींत, पिनबॉल हा जुगार ठरवून त्यावर बंदी घातली होती, आणि जप्त केलेलीं यंत्रें हातोड्यानें फोडण्यांत आलीं होतीं. ती बंदी उठली १९७६ सालीं. त्या वर्षीं रॉजर शार्प नांवाच्या तरुण लेखकानें नगरसभेच्या सभासदांसमोर यंत्रावर खेळून, गोळी कोठें जाणार हें आधीं सांगून, तशी ती मारून दाखविली. हा दैवाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे हें त्यानें पटविलें. मी अक्काला हें सारें सांगितलें. ती म्हणाली, “असेल. पण त्या खोलींत मी काय करूं?”

या प्रश्नानें मला माझी एक जुनी चूक आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका गृहस्थांच्या बंगल्यांत मीं मुलांसाठीं टेबलटेनिसची खोली काढून दिली होती. टेबल नऊ फूट लांब आणि पांच फूट रुंद असतें, तें खोलींत नीट बसलें, आणि मला समाधान वाटलें. पण खेळणाऱ्यांना मागें सरावयास जागाच नव्हती. हात उगारला कीं कोपर भिंतीवर आपटे. वर्ष उलटण्याच्या आंत त्या टेबलावर ट्रंका आणि गाद्या रचलेल्या मीं पाहिल्या. मीं टेबल मोजलें होतें, माणसें मोजलीं नव्हतीं. तें टेबल डोळ्यांपुढून जात नाहीं, म्हणून भाच्याचा नकाशा मीं परत पाठविला आणि त्याला लिहिलें, “यंत्रें किती बसतील हें मागाहून पाहूं. माणसें किती बसतील हें आधीं सांग.”

आतां मापांकडे वळूं. पिनबॉलचें नेहमींचें यंत्र सुमारें २८ इंच रुंद, ५६ इंच लांब आणि ७६ इंच उंच असतें. वजन २५० ते ३०० पौंड. मागें तीन इंच मोकळे ठेवावे. पुढें खेळणारा उभा राहतो, त्याला तीन फूट पुरतील असें वाटतें. पण गोळी अडकली किंवा दिवा गेला म्हणजे वरची कांच काढावी लागते, आणि ती उचलली जात नाहीं, तर खेळणाऱ्याच्या बाजूस सरकवून ओढावी लागते. ही कांच ४३ इंच लांब असते. म्हणून पुढें चार फूट हवेत. म्हणजे भिंतीपासून नऊ फूट एका यंत्राचे झाले. रुंदींत प्रत्येक यंत्राला तीन फूट धरावे. कारण चांगला खेळाडू गोळी वळविण्यासाठीं यंत्राला हलकासा धक्का देतो, आणि त्याच्या कोपरांना मोकळीक लागते. धक्का अधिक झाला तर आंतील लंबक हालतो, ‘टिल्ट’ अशीं अक्षरें उजळतात आणि ती खेळी बाद होते.

हे नऊ फूट झाले खेळणाऱ्याचे. पण या खेळांत एका यंत्रावर बहुधा चार जणांना डाव मांडतां येतो, आणि ते आळीपाळीनें एकेक गोळी खेळतात. म्हणजे कोणत्याही क्षणीं खेळतो एक, आणि थांबतात तिघे. घरांतील खेळाचा मोठा भाग हा असा थांबण्याचा असतो. आणि थट्टा, सल्ला, रुसवा, कौतुक हें सारें त्या थांबण्यांतच घडतें. थांबणाऱ्याला जागा नसेल तर तो जिना चढून आपल्या खोलींत जातो आणि दार लावून घेतो. भाच्याची मुलगी चौदा वर्षांची आहे, आणि तिचें दार अलीकडे बंदच असतें असें त्यानेंच मला लिहिलें होतें. पांच यंत्रांच्या ओळीनें तें दार उघडलें नसतें.

म्हणून चौदा फुटांच्या रुंदींतील उरलेले पांच फूट मीं थांबणाऱ्यांना दिले. दोन फूट उभें राहून पाहणाऱ्यांना, आणि तीन फूट समोरच्या भिंतीलगत पाठीच्या बांकाला व बसणाऱ्यांच्या पायांना. वीस फुटांच्या लांबींत तीन यंत्रांना नऊ फूट, जिन्याच्या वाटेला चार, आणि कॅरम व त्याभोंवतींच्या चार खुर्च्यांना सात. बेरीज वीसच होते. पांचांचीं तीन यंत्रें झालीं, आणि घरांतील साऱ्या माणसांची सोय झाली.

आतां तळघराच्या अडचणी. पहिली जिन्याची. यंत्राचे पाय काढतां येतात आणि मागचा उभा भाग आडवा पाडतां येतो. तरी जिन्याचें वळण विकत घेण्यापूर्वींच मोजावें. दुसरी ओलीची. खेळाची पाटी प्लायवुडची असते, आणि ओलीनें लाकूड फुगतें, लोखंड गंजतें. तळघरांत हवेंतील ओल काढणारें यंत्र आधीं आणि पिनबॉल मागाहून, हा क्रम चुकवूं नये. तिसरी उजेडाची. दिवा थेट डोक्यावर टांगला तर त्याचें प्रतिबिंब कांचेंत पडतें आणि गोळी दिसेनाशी होते. म्हणून दिवे बाजूच्या भिंतींवर, छताकडे तोंड करून लावावे. यंत्रावर ऊन पडूं देऊं नये, त्यानें चित्रांचे रंग उडतात. चौथी जमिनीची. पाटीला सुमारें साडेसहा अंशांचा उतार असावा, आणि आडवी ती अगदीं समतल असावी. गवंड्याची पाणसळ ठेवून पायांखालचे स्क्रू फिरविले कीं हें साधतें. विजेसाठीं प्रत्येक यंत्रामागें जमिनीशीं जोड असलेलें सॉकेट हवें, आणि सर्वांचा मिळून एक खटका दाराशीं हवा, म्हणजे रात्रीं निजावयास जातांना कांहीं चालूं राहत नाहीं.

आवाजाचा विचार मात्र साऱ्या घराच्या वतीनें करावा लागतो. जुन्या यंत्रांत खऱ्याखुऱ्या घंटा असतात, आणि फुकट डाव मिळाला म्हणजे आंतून लाकडावर ठोका बसतो. नव्या यंत्रांचा आवाज कमी करतां येतो, तरी फ्लिपरांची खटखट राहतेच. म्हणून ज्या खोलींत वडील मंडळी दुपारीं निजतात तिच्या बरोबर खालीं हीं यंत्रें नसावीं. भाच्याच्या पहिल्या नकाशांत तीं नेमकीं अक्काच्या खोलीखालीं होतीं. मीं तीं समोरच्या भिंतीशीं नेलीं आणि जमिनीवर जाड सतरंजी सुचविली.

आपल्याकडील घरांत तळघर सहसा नसतें, आणि मुंबईच्या सदनिकेंत एवढी खोली कोण राखणार? तरी ज्यांना हौस आहे त्यांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. अमेरिकेंतील वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. तेव्हां तेथून आणलेलें यंत्र जाणकाराला दाखविल्यावांचून लावूं नये. पावसाळ्यांतील दमट हवेपासून तें जपावें. आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याला आधीं विचारावें. पण ज्यांच्या घरीं पिनबॉल कधींच येणार नाहीं त्यांनाही माझें सांगणें तेंच आहे. कॅरम असो, बुद्धिबळें असोत, पत्ते असोत. खेळाची जागा ठरवितांना ज्याची पाळी नाहीं त्याची बैठक आधीं ठरवा.

आतां शेवट काय झाला तें सांगतों. नवीं यंत्रें हजारों डॉलरांचीं, म्हणून भाच्यानें दोनच घेतलीं, तिसऱ्याची जागा मोकळी ठेविली आणि बांक मात्र सुताराकडून पक्का करून घेतला. पहिल्या महिन्यांत अक्का त्या खोलींत उतरलीच नाहीं. पुढें एका रविवारीं नात तिला हात धरून खालीं घेऊन गेली. अक्का बांकावर बसून लोकर विणीत होती, खेळली नाहीं. परंतु नातीची गोळी दोन फ्लिपरांच्या मधून निसटली तेव्हां तिनें मान वर केली आणि म्हणाली, “अग, दोन्ही हात एकदम कशाला उचलतेस? गोळी ज्या बाजूनें येते तेवढाच उचल.” नातीनें तसें केलें, आणि गोळी वर गेली. तेव्हांपासून, अक्का फोनवर सांगते, जेवणें झालीं कीं पोरगी जिन्यापाशीं उभी राहून हांक मारते, “आजी, येतेस ना?”

आणि वरच्या मजल्यावरील तें दार, तेवढा वेळ तरी, उघडें असतें.