पाहुण्याच्या भाषेचे चार उच्चार

भोसरीच्या कारखान्यात इंडोनेशियाचा पाहुणा आला, तर त्याच्या तोंडी गावाचे नाव ‘बोसरी’ होईल. हसू नका बरे! त्यांच्या भाषेत भ नाही. संस्कृतातली ‘भूमी’ तिकडे ‘बुमी’ झाली, ‘भाषा’ ‘बहासा’ झाली.

आता आपली पाळी. त्यांची लिपी रोमन. १९७२ पासूनच्या लेखनात ‘सी’ म्हणजे चहातला च, चाकातला नव्हे. ‘ई’ हे अक्षर पुष्कळदा ओझरत्या अ-सारखे. म्हणून डोक्याला ‘केपाला’ नव्हे, ‘कपाला’ म्हणा. आपले कपाळच की ते! ‘तरीमा कासिह्’ म्हणजे आभार. शेवटचा ह गिळू नका.

गुरुजी, मुलांकडून एवढे घोकून घ्या. दुसऱ्याच्या जिभेला हसण्याआधी आपली वळवून पाहावी.