पहिल्या बिअरची पद्धत



१९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, बिअरला मात्र नाही. १९७८च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली, त्यानंतरच घरच्या बिअरवरची केंद्रीय बंदी गेली. एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोघे किंवा अधिक असतील तर २००. विकायची मात्र नाही. मिसिसिपी आणि अलाबामा राज्यांत हा हक्क यायला २०१३ उजाडलं. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य करणं गुन्हा आहे. त्यामुळे मी बोलणार आहे ते फक्त इथल्या, अमेरिकेतल्या स्वयंपाकघराबद्दल.

नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच: सुरुवात धान्यापासून करू की तयार अर्कापासून? धान्याच्या पद्धतीत भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवतात. माल्टमधली विकरं पिष्टाची साखर करतात. तापमान थोडं उतरलं तर बिअर हलकी आणि कोरडी होते, चढलं तर अंगाने भरीव. हे शास्त्र मला फार प्रिय आहे. तरीही पहिल्या खेपेला मी ते करू नका असंच सांगतो. पंचवीस-तीस लिटरचं पातेलं, ते उकळवणारी शेगडी आणि अख्खा दिवस, एवढं सगळं जमवता जमवता खऱ्या कामाकडे लक्षच राहत नाही.

खरं काम यीस्टचं आहे. आपण फक्त गोड पाणी करतो, त्याची बिअर यीस्ट करतं. बिघडलेल्या पहिल्या बिअरचं कारण बहुतेक वेळा अस्वच्छ नळी नाहीतर तापलेली खोली हेच असतं. म्हणून माझी शिफारस माल्टच्या कोरड्या अर्काची, सोबत पाव किलो क्रिस्टल माल्ट. हे माल्ट मलमलच्या पुरचुंडीत बांधून ६५-७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवायचं. रंग आणि ताजी चव त्यातून येते. १९ लिटरला अडीच किलो अर्क पुरतो. उकळायला दहा-अकरा लिटर पाणी बस्स, बाकीचं थंड पाणी नंतर घालायचं. घरातलं मोठं पातेलं चालतं. कडवटपणा आणि सुगंध देणारे हॉप्स आधीच घातलेला अर्काचा डबा सोपा खरा, पण मी तो सुचवत नाही. त्यात हॉप्स उकळण्याचा अनुभवच मिळत नाही. ऑस्ट्रेलियात रुळलेली, सगळं धान्य एकाच पिशवीत भिजवण्याची पद्धत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जरूर करून पाहा.

अर्क घालण्याआधी आच बंद करा. तो तळाशी बसून करपला की तो वास शेवटपर्यंत जात नाही. पुन्हा उकळी आली की कडवटपणासाठीचे हॉप्स घालून तासभर उकळा. सुगंधाचे हॉप्स शेवटच्या पाच मिनिटांत. पहिले हॉप्स पडताच फेस भसकन वर येतो, त्या वेळी पातेल्यापासून हलू नका. मग पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट निववा. गरम दुधाला आपण विरजण लावत नाही, तसंच इथे: २० अंशांच्या आसपास आल्याशिवाय यीस्ट घालायचं नाही. एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट १८ ते २१ अंशांत शांतपणे काम करतं. टेक्सस किंवा ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात भांडं पाण्याच्या टबात ठेवून गोठवलेल्या बाटल्या बदलत राहावं लागतं. लागर बिअरला याहून बराच थंडावा लागतो, ती पहिल्यांदा नकोच.

बाटल्या भरायची घाई करू नका. द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा १.०५०च्या आसपास सुरू होऊन १.०१२च्या जवळ येतो. म्हणजे मद्यार्क सुमारे ५ टक्के. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही तरच बाटल्या भरा, आणि फेसासाठी बाटलीत घालायची साखर वजन करूनच घाला. कच्च्या आंबवणीवर बंद केलेली बाटली फुटते, आणि काच उडते.

तेव्हा मोठ्या पातेल्याचे पैसे सध्या राखून ठेवा. आधी चांगला थर्मामीटर, हायड्रोमीटर आणि जंतुनाशक घ्या.