खुणांची भाषा आणि दुभाष्याचे कर्तव्य
(आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी कोणी विद्वान नव्हे. कर्णबधिर माणसाचे म्हणणे ऐकणाऱ्यांपर्यंत आणि ऐकणाऱ्यांचे त्याच्यापर्यंत पोहोचविणे हा माझा व्यवसाय. त्याविषयीच यथामति निवेदन करतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कर्णबधिरांच्या खुणा म्हणजे केवळ हातवारे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ती स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे, हे विल्यम स्टोकी या अमेरिकन पंडिताने 1960 साली शास्त्रीय पद्धतीने दाखवून दिले. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेचेच पाहा. ‘तू कोठे जातोस?’ असे आपण विचारतो. तेथे ‘कोठे’ ही खूण शेवटी येते. काळ क्रियापदाच्या प्रत्ययाने कळत नाही. ‘काल’ किंवा ‘उद्या’ ही खूण वाक्याच्या आरंभी करतात. नकार मानेच्या हालचालीत असतो आणि प्रश्न भुवयांत. म्हणून जो केवळ हात पाहतो, तो अर्ध्या अर्थाला मुकतो. शिवाय ही भाषा जगभर एकच आहे असेही नव्हे. अमेरिका आणि इंग्लंड या दोन्ही देशांत इंग्रजी बोलतात, परंतु तेथील कर्णबधिरांना एकमेकांची भाषा कळत नाही.

असे असूनही 1880 साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणा वर्ज्य कराव्यात आणि मुलांना तोंडी बोलण्यानेच शिकवावे, असा ठराव केला. त्याचे पडसाद आपल्याकडील शाळांतही दीर्घकाळ उमटले.

आता एक घरची हकीकत सांगतो. माझी थोरली बहीण, अक्का, जन्मतः कर्णबधिर. घरात तिच्या खुणा मलाच नीट येत. तिच्या लग्नानंतर दोन वर्षांनी तिच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टरांनी पुष्कळ वेळ समजावून सांगितले, की जीव वाचविण्यासाठी हे अगत्याचे आहे, परंतु यापुढे मूल होणार नाही. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आई हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘तिला एवढे सांगू नकोस, बाळ.’’ मी अक्काला खूण केली : पोटात दुखणे, औषध, बरी होशील. तिने मान डोलावली आणि कागदावर सही केली.

पुढली आठ वर्षे अक्का उपास-तापास आणि नवस करीत राहिली. आम्हा सर्वांना ठाऊक होते. अखेर जुने कागद हाती लागले तेव्हा तिला कळले. ती रडली नाही. मला समोर बसवून तिने एवढेच विचारले : ‘‘शरीर माझे. सर्वांना माहीत. मला नाही. का?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. आईने मायेपोटी सांगितले होते, मीही मायेपोटीच लपविले. परंतु तिच्या आयुष्याचा निर्णय तिच्या नकळत झाला, तो झालाच.

पुढे मी रीतसर प्रशिक्षण घेतले, त्याचे मूळ या प्रश्नात आहे. दुभाष्याचे नियम थोडे आहेत. जे बोलले गेले ते सर्व सांगावे. पदरचे घालू नये, कटू म्हणून गाळू नये. ‘तो म्हणतो’ असे न म्हणता बोलणाऱ्याच्याच मुखाने ‘मी’ म्हणावे. आणि ऐकलेले बाहेर नेऊ नये. घरच्या माणसाला हे पाळणे कठीण, कारण त्याचा जीव गुंतलेला असतो. म्हणूनच इस्पितळात, न्यायालयात आणि बँकेत दुभाषी त्रयस्थच असावा.

कायद्यानेही आता हे ओळखले आहे. तोंडी बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या साहाय्याने घ्यावी आणि तिचे चित्रमुद्रण करावे, अशी तरतूद 2013 साली झाली. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील भगिनीने दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजात भाग घेतला. दिल्ली येथे 2015 साली भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन आणि प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. तिच्या शब्दकोशाच्या 2021 मधील आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत. परंतु 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे 50 लाख होती. त्या मानाने शिकलेले दुभाषी फारच थोडे आहेत.

म्हणून ज्ञातिसंघापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. ज्या घरी कर्णबधिर मूल आहे, त्या घरच्या सर्वांनी, आजी-आजोबांनीसुद्धा, त्याची भाषा शिकावी. आपल्या वधू-वर मेळाव्यात अशा मुलाच्या वतीने काका-मामांनी उत्तरे देऊ नयेत. दुभाष्यामार्फत त्यालाच विचारावे. आणि आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतून बारावी उत्तीर्ण झालेल्या निदान एका विद्यार्थ्यास सांकेतिक भाषेच्या दुभाष्याच्या पदविकेसाठी साहाय्य द्यावे.

अक्का आज या सभागृहात पहिल्या रांगेत बसली आहे. माझे सहकारी माझे भाषण तिला सांगत आहेत. ही हकीकत येथे सांगू का, असे मी तिला काल विचारले. तिने अनुज्ञा दिली, ती एका अटीवर : ‘‘सगळे सांग.’’ ते मी आज सांगितले.