नोटरीचा शिक्का : त्याचे मोल आणि त्याची मर्यादा
(मंडळाच्या महोत्सवी व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेले व्याख्यान)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. आमचे तर सारे आयुष्य त्याच पायरीवर गेले, तेव्हा आमची गणना कोणांत करावी ते आपणच ठरवावे. पण एक गोष्ट आम्ही अनुभवाने सांगू शकतो. ती पायरी चढण्याची पाळी ज्यांच्यावर येते, त्यांतील पुष्कळ जण मुळीच भांडखोर नसतात. कधी काळी एखाद्या कागदावर त्यांनी न वाचता सही केलेली असते, आणि कोणी तरी त्या सहीवर न बघता शिक्का मारलेला असतो. आज महोत्सवाच्या निमित्ताने आपण आम्हांस बोलावयास सांगितलेत, म्हणून त्या शिक्क्याविषयीच चार शब्द सांगावे असे योजिले आहे.

आपल्यापैकी कित्येक घराणी होळकरांच्या अमदानीत माळव्यात आली. घरोघरच्या पेट्यांत मोडीतले जुने कागद अजून असतील. ते एकदा उलगडून पाहावेत. लिहिणारा आपले नाव घालतो, साक्षीदारांची नावे येतात, आणि ज्याला अक्षरओळख नाही असा शेतकरी सहीच्या जागी नांगराची निशाणी काढतो. राजपत्राचा मजकूर संपला की तेथे समाप्तीची मुद्रा उमटवीत. शिवछत्रपतींच्या अशा मुद्रेवर 'मर्यादेयं विराजते' ही अक्षरे आहेत. लेखनाची सीमा येथे झाली, याखाली मागाहून कोणी ओळ वाढवू नये, हा तिचा हेतू. म्हणजे माणूस कोण, त्याने कागद समजून व राजीखुशीने केला की नाही, आणि मजकूर कोठे संपला, या तीन गोष्टींची काळजी आपले पूर्वज घेत होते. आजच्या नोटरीनेही मुख्यतः हेच पाहावयाचे असते.

आपल्या देशात नोटरीचा व्यवसाय बराचसा व्यापाराचे बोट धरून वाढला. हुंडी सकारली नाही तर तसे कोणा विश्वासू तिऱ्हाइताने नोंदवून ठेवणे सोयीचे असे, आणि १८८१ च्या हुंड्या व वचनचिठ्ठ्यांच्या कायद्यात त्यासाठी नोटरीची तरतूद होती. इतर कामांसाठी लागणाऱ्या नोटरीची नेमणूक मात्र साता समुद्रांपलीकडे, कँटरबरीच्या आर्चबिशपच्या अखत्यारीतील 'मास्टर ऑफ फॅकल्टीज' नावाचा अधिकारी करीत असे! स्वातंत्र्यानंतर १९५२ साली आपला स्वतःचा नोटरी कायदा झाला आणि १४ फेब्रुवारी १९५६ पासून तो अमलात आला. दस्तऐवजाची सही प्रमाणित करणे, शपथ देऊन प्रतिज्ञापत्र घेणे, हुंडी नाकारल्याची नोंद करणे, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत झालेले भाषांतर पडताळणे, ही कामे त्याने नोटरीकडे सोपविली. साधारणतः दहा वर्षे वकिली केलेल्या माणसाला ही नेमणूक मिळू शकते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग यांतील वकिलांना सात वर्षे पुरतात. सनद पाच वर्षांची असते आणि ठरवून दिलेल्या क्षेत्रापुरतीच चालते. सनद नसता नोटरी म्हणून मिरविणे हा गुन्हा आहे.

हा झाला कायदा. आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती आमच्या भूषणाची नव्हे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी, नोटरीची सनद हाती येऊन थोडेच महिने झाले असता, एका सायंकाळी कचेरी बंद करण्याच्या वेळी ओळखीचे एक गृहस्थ आले. त्यांच्या विधवा काकू आमच्या मातोश्रींच्या मैत्रीण. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. "मावशींना बरे नाही, जिना उतरवत नाही. सही त्यांचीच आहे, तुम्ही तर घरचे. एवढा शिक्का करून द्या," असे म्हणून त्यांनी एक मुखत्यारपत्र पुढे केले. घरच्या माणसाला नाही कसे म्हणावे? आम्ही शिक्का मारला, सही केली, रजिस्टरात ओळ लिहिली. सही करणाराच्या सहीचा रकाना तेवढा कोरा राहिला. उद्या घेऊ म्हटले. तो उद्या काही उगवला नाही.

दोन वर्षांनी मावशी स्वतः जिना चढून आमच्या कचेरीत आल्या. हातात त्याच कागदाची नक्कल होती. त्या मुखत्यारपत्राच्या जोरावर पुतण्याने वाड्यातील त्यांच्या वाट्याच्या दोन खोल्यांचा सौदा केला होता, इसार खिशात घातला होता, आणि घेणाऱ्याला ताबाही देऊन टाकला होता. मावशी रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "बाळ, ही सही माझी नाही रे. तू इतक्यांदा घरी येऊन चहा घेऊन गेलास. एकदा विचारायला आला असतास तर?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

यातील कायद्याची खोच आपण ध्यानात घ्यावी. नोटरीसमोर झालेले मुखत्यारपत्र रीतसर झाले आहे असे न्यायालय गृहीत धरून चालते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हा नियम होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. म्हणजे त्या शिक्क्याने आम्ही काय केले? 'हे खोटे आहे' हे सिद्ध करण्याचे ओझे एका वृद्ध बाईच्या डोक्यावर ठेवले. दावा सहा वर्षे चालला. आम्ही साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून खरे ते सांगितले की, बाई आमच्यासमोर आल्या नव्हत्या. रजिस्टर उघडले गेले, आणि तो कोरा रकाना आमच्याविरुद्ध बोलला. निकाल मावशींच्या बाजूने झाला. खोल्या परत मिळाल्या. पण घेणारा गरीब माणूस इसाराला मुकला, घराण्याच्या दोन शाखांचे बोलणे तुटले, आणि मावशी त्या खोल्यांत पुढे एकच दिवाळी राहिल्या.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो : माणूस दिसल्याशिवाय शिक्का नाही. मग तो सख्खा भाऊ असो की मोठा अधिकारी असो. दुधाने तोंड भाजले म्हणून आम्ही ताकही फुंकून पितो, असे लोक हसून म्हणतात. म्हणोत बापडे.

चांगल्या नोटरीची कचेरी कशी ओळखावी, हे आता सांगतो. बाहेर नाव व पाटी असते. शुल्काचे दर सरकारी नियमांनी ठरलेले असून ते कचेरीच्या आत व बाहेर दिसतील असे लावावे लागतात. सही करणाराला तो समोर बसवितो, त्याचे ओळखपत्र पाहतो, आणि कागद कशाचा आहे हे त्याच्याच तोंडून वदवून घेतो. ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्या भाषेत मजकूर वाचून दाखवितो, आणि तसे दाखविल्याची नोंद कागदावर करतो. मजकुरात कोरी जागा असेल तर ती भरल्याशिवाय किंवा रेघ मारून बंद केल्याशिवाय पुढे जात नाही. समाप्तीच्या मुद्रेचे तत्त्व ते हेच. नकलेवर 'मुळाबरहुकूम' म्हणण्यापूर्वी मूळ कागद मागून पानोपानी ताडून पाहतो. स्वतःचा किंवा घरच्यांचा हितसंबंध असलेला कागद दुसऱ्याकडे पाठवितो. रजिस्टराची पाने मोजून पहिल्या पानावर तसा दाखला लिहितो, आणि प्रत्येक कामाची नोंद अनुक्रमाने करतो. जिल्हा न्यायाधीशांना ते तपासण्याचा अधिकार असतो. गोल शिक्क्यावर त्याचे नाव, क्षेत्र व नोंदणी क्रमांक असतो. तो आपण वाचावा, आणि सनदेची मुदत विचारावी. खरा नोटरी त्याने रागावत नाही.

आणि माणूस खरोखरच अंथरुणाला खिळलेला असेल तर? तर नोटरीने आपल्या क्षेत्रात त्याच्या घरी जावे. त्यासाठी प्रवासखर्च घेण्याची मुभा नियमांतच आहे. मावशींचे घर आमच्या कचेरीपासून दहा मिनिटांवर होते!

शिक्क्याचे मोल सांगितले, तशी त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण अर्धे नुकसान तिच्या अज्ञानाने होते. घर किंवा जमीन यांची शंभर रुपये वा अधिक किमतीची विक्री, आणि स्थावराचे बक्षीसपत्र, निबंधकाच्या कचेरीत नोंदल्याशिवाय पुरे होत नाही. हक्कसोडपत्राचेही असेच. 'नोटरी करून घेतले आहे' म्हणून घर आपले झाले, असे समजणारे लोक आम्ही दर महिन्यास पाहतो. मुखत्यारपत्र, करार व मृत्युपत्र यांची मोट बांधून केलेल्या व्यवहाराने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. भारतात राहणाऱ्याने दस्त नोंदणीसाठी सादर करण्याकरिता मुखत्यारपत्र द्यावयाचे असेल, तर तेही निबंधकासमोर झाले पाहिजे, नोटरीसमोर नव्हे.

तीच गोष्ट लग्न आणि काडीमोड यांची. नोटरीच्या कागदाने लग्न लागत नाही आणि मोडतही नाही. असे कागद करू नयेत, अशी ताकीद केंद्र सरकारच्या विधी खात्याने २०२४ च्या ऑक्टोबरात नोटरींना पुन्हा दिली. आपल्या मुलीबाळींच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे, म्हणून मुद्दाम सांगितले. मृत्युपत्राचे उलट आहे. त्याला नोटरीची गरज नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही. पण ज्यांनी सही करताना पाहिले, किंवा ही सही माझीच असे करणाराने ज्यांना सांगितले, असे दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि त्यांनी त्याच्यासमोर सह्या केल्या पाहिजेत.

आता आपल्या समाजाच्या नेहमीच्या तीन अडचणी. पहिली नावाची. आपल्यात लग्नानंतर मुलीचे आडनावच काय, कधी पाळण्यातले नावही बदलते. शाळेच्या दाखल्यावर एक, बँकेत दुसरे, आणि हिंदी कारकुनाच्या हातून आडनावाचे तिसरेच रूप झालेले! दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र अशा वेळी उपयोगी पडते. ते वेळीच करून मूळ प्रत जपावी, पेन्शनची वेळ येईपर्यंत थांबू नये. मात्र प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथ आहे, खोटे लिहिल्यास शिक्षा आहे, हे विसरू नये.

दुसरी अडचण मोडी कागदांची. जुन्या वाड्याचा वा वतनाचा कागद पुढे आला की त्याचे देवनागरीत लिप्यंतर व हिंदी भाषांतर लागते. नोटरीला जी लिपी वाचता येत नाही तिच्यावर त्याने 'बरोबर आहे' असा शेरा मारू नये. मोडीच्या जाणकाराने लिप्यंतर करावे, आपण ते केल्याचे शपथेवर लिहून द्यावे, आणि नोटरीने त्या शपथेस प्रमाण द्यावे, हा सरळ मार्ग.

तिसरी परदेशी असलेल्या मुलांची. तेथून मुखत्यारपत्र पाठवावयाचे तर ते तेथील नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करावे, आणि कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे. येथून तिकडे कागद पाठविताना बहुधा नुसता नोटरीचा शिक्का पुरत नाही. १९६१ च्या हेग येथील करारात जे देश आहेत त्यांच्यासाठी आपल्या परराष्ट्र खात्याची 'अपोस्टिल' नावाची मोहोर लागते. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे.

मंडळी, घड्याळाचा काटा आम्हांस दटावू लागला आहे, तेव्हा एक विनंती करून पुरे करतो. आपल्या ट्रस्टने आजवर मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या, आजाऱ्यांना औषधे दिली. त्यात एक लहानसे काम वाढवावे. आपल्यात एकटी राहणारी वृद्ध माणसे आहेत. त्यांच्यापुढे कोणी कागद ठेवला तर सही करण्यापूर्वी तो वाचून दाखविणारे, आणि 'काकू, हे तुम्हांला खरेच करावयाचे आहे का?' असे पुतण्याला बाहेर बसवून विचारणारे एखादे माणूस त्यांना मिळावे. त्यासाठी दर रविवारी सकाळी एक तास आम्ही या सभागृहात विनामूल्य बसू. ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांच्या घरी आम्ही जाऊ.

या कामी उपकाराचा काही भाग नाही. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा देता आले नाही, ते असे थोडे थोडे द्यावे, एवढीच इच्छा आहे.