बॅटरी घेताना काय बघाल?

शेताची लाईट रात्रीची असली की दारं धरायला अंधारात जावं लागतं. म्हणून हौसेनं मोठी बॅटरी, म्हणजे टॉर्च, घेतली जाते. पण “पैसे वाया गेले” हेच आम्ही गटांच्या बैठकीत ऐकतो. असं का होतं?

पहिलं कारण, लांबचा झोत. दुकानदार समोरच्या झाडावर झोत मारून दाखवतो. आपल्याला तर उजेड पायापुढं हवा. बारीक झोतात मधला गोल लख्ख दिसतो आणि बाजूचा बांध अंधारात राहतो. सापाच्या भीतीनं घेतली असेल, तर ती काय कामाची? पसरट उजेडाची घ्या.

दुसरं, मोठे आकडे. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेलवर ९९०० एमएएच छापलेलं असतं. एवढ्याशा सेलमध्ये, चांगल्यातल्या चांगल्या, साधारण ३५०० च मावतात. तो आकडा बघून जास्त पैसे मोजू नका.

तिसरं, निगा. जड, स्वस्त चार्जिंगच्या बॅटरीत बहुधा लेड-ॲसिडचा सेल असतो. उतरलेला तसाच पडून राहिला की तो बाद होतो. वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. साधे सेल असतील तर काढून ठेवा, नाहीतर ते गळून आतली पट्टी गंजते.

गटानं मिळून घ्यायच्या असतील, तर आधी एकच आणा. रात्री बांधावरून चालून बघा. पटली तरच बाकीच्या घ्या, पावतीसकट. आणि उजेड कितीही असो, पायात बूट हवेतच.