तो फोटो मीही शेअर केला होता

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी विषय दिला होता 'तंत्रज्ञान, इंटरनेट आणि जग'. विषय एवढा मोठा आहे की त्यावर काहीही बोलता येईल, आणि म्हणूनच काहीही न बोलता वेळ मारून नेता येईल. मी तसं करणार नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, भाषणं करण्याची मला सवय नाही. त्यामुळे एका फोटोबद्दल बोलते. तो मी २०१२ साली शेअर केला होता.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मिरजेहून पुण्याला शिकायला आलेली, एस.वाय.बी.एस्सी.ला. अब्बूंनी नुकताच मोबाईल घेऊन दिला होता, त्यात फेसबुक चालायचं, रडतखडत. रमजानचे दिवस होते. एका संध्याकाळी इफ्तारनंतर एक फोटो आला. जमिनीवर प्रेतांच्या रांगाच रांगा, आणि त्यांच्यामध्ये उभे असलेले लालसर वस्त्रांतले बौद्ध भिक्खू. खाली लिहिलेलं, बर्मामध्ये मुसलमानांची कत्तल, मीडिया गप्प आहे, तुम्ही तरी गप्प बसू नका. माझे हात थरथरले. मी तो शेअर केला, वर दोन ओळी स्वतःच्या घातल्या. त्या ओळी आज मला तोंडपाठ आहेत, पण सांगणार नाही. लाज वाटते.

तो फोटो बर्माचा नव्हताच. एप्रिल २०१०मध्ये चीनच्या छिंगहाई प्रांतात, तिबेटी लोकांच्या युशू भागात मोठा भूकंप झाला होता. त्यात मेलेल्यांच्या सामूहिक अंत्यसंस्काराची तयारी तिथले भिक्खू करत होते. म्हणजे जे मृतांची सेवा करत होते, त्यांना आपण खुनी ठरवलं. मीही ठरवलं.

त्या वर्षी जुलैमध्ये आसाममध्ये बोडो आणि मुस्लिमांमध्ये मोठी हिंसा झाली होती, लाखो लोक छावण्यांमध्ये होते. त्यात हे बर्माचे फोटो मिसळले. ११ ऑगस्टला मुंबईत आझाद मैदानावर निषेध सभा झाली. पुढे काय झालं ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. जाळपोळ, पोलिसांवर हल्ले, अमर जवान स्मारकाची तोडफोड, दोन माणसं मेली. तिथे जमलेल्या हजारोंपैकी किती जणांच्या मोबाईलमध्ये असले फोटो असतील, याचा हिशेब कुणाकडेच नाही. पुण्यात त्याच सुमारास ईशान्य भारतातल्या काही तरुणांना मारहाण झाली. मग एसएमएस फिरू लागले, की ईदनंतर ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार. बंगळुरू, पुणे, चेन्नई, सगळीकडून लोक गावी पळू लागले. बंगळुरूहून गुवाहाटीला खास गाड्या सोडाव्या लागल्या. सरकारने एका वेळी पाचपेक्षा जास्त जणांना एसएमएस पाठवायला पंधरा दिवस बंदी घातली. पाच हा आकडा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये एक मणिपुरी मुलगी होती. माझी पार्टनर. नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. मी ब्युरेट धरायची, ती रीडिंग घ्यायची. ती मैतेई, हिंदू, कपाळावर उभं गंध लावणारी. तिचा बर्माशी संबंध नव्हता, बोडोंशीही नव्हता. मणिपूरमध्ये पांगल म्हणून मुसलमान आहेत, मणिपुरी बोलणारे, आणि तिच्या घराशेजारीच ते राहतात, हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही कधी बोललोच नव्हतो असल्या विषयांवर. टायट्रेशन आणि कँटीन, बस.

तिच्या वडिलांचा फोन आला, लगेच निघ. आझाद हिंद एक्सप्रेसने हावड्यापर्यंत, तिथून दिमापूर, पुढे बसने इम्फाळ. मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. फलाट असा भरला होता, जणू फाळणीचा सिनेमा चालू आहे. ती म्हणाली, "कोण पसरवतंय हे सगळं?" मी म्हटलं, "माहीत नाही गं." तिचं केमिस्ट्रीचं जर्नल माझ्याकडेच राहिलं. ती परत आली नाही. पुढचं शिक्षण तिने तिकडेच पूर्ण केलं.

त्या फलाटावर उभी असताना मला फोटो खोटा असल्याचं ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. ते मला आठवडाभराने कळलं. पण कळल्यावरही मी पोस्ट गुपचूप काढून टाकली. ज्यांनी ती पाहिली, पुढे पाठवली, त्यांतल्या एकालाही सांगितलं नाही की ते खोटं होतं.

यावर नेहमी एक प्रश्न येतो, आणि तो बरोबर प्रश्न आहे. "आपा, फोटो खोटा असेल, पण रोहिंग्या मारले जात होते ना?" हो, जात होते. जून २०१२मध्ये राखाईन प्रांतात हिंसा झाली, ऑक्टोबरमध्ये पुन्हा झाली, लाखाच्या वर माणसं घराबाहेर फेकली गेली. म्हणूनच तर माझा गुन्हा मोठा आहे. खरी वेदना समोर असताना मी तिच्या बाजूला खोटी साक्ष उभी केली. वकील तुम्हाला सांगतील, एक साक्षीदार खोटा निघाला की अख्ख्या खटल्याचं काय होतं.

२०१७च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या सीमा ओलांडून बांगलादेशात आले. जळालेली शेकडो गावं उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसत होती. मी आमच्या स्टाफरूममध्ये तो विषय काढला, तर एक सहकारी म्हणाले, "मॅडम, तुमच्या लोकांचे बर्माचे फोटो आम्ही २०१२लाच बघितलेत." माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्यानमारचं लष्करही जगाला हेच सांगत होतं, की सगळं बनावट आहे.

आणि म्यानमारच्या आत काय चाललं होतं? ते नीट समजून घ्या. तिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत सिमकार्ड शेकडो डॉलरला मिळायचं, म्हणजे मिळायचंच नाही. २०१४मध्ये परदेशी कंपन्या आल्या आणि ते दीड डॉलरला मिळू लागलं. अख्खा देश एका झटक्यात ऑनलाइन आला, आणि ऑनलाइन म्हणजे फेसबुक. तिथल्या बहुतेकांसाठी इंटरनेट आणि फेसबुक हे एकाच गोष्टीचं नाव होतं. जुलै २०१४मध्ये मंडालेत एका चहाच्या दुकानाच्या मुस्लिम मालकावर बलात्काराचा आरोप फेसबुकवर फिरला. दंगल झाली, दोन माणसं मेली, एक बौद्ध आणि एक मुसलमान. आरोप बनावट होता हे नंतर उघड झालं. एवढं होऊनही २०१५च्या सुरुवातीला फेसबुककडे बर्मी भाषेतल्या तक्रारी पाहणारी माणसं किती होती? रॉयटर्सने शोधून काढलं, दोन. कोट्यवधी लोकांच्या देशासाठी दोन. शिवाय तिकडे युनिकोडऐवजी झॉजी नावाचा वेगळाच फॉन्ट चालायचा, त्यामुळे कंपनीच्या यंत्रांनाही मजकूर धड वाचता येत नव्हता. आपल्याकडे कृतिदेवमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की जे होतं, तेच समजा.

सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट पुढे आहे. लष्कराची माणसं फेसबुकवर गायकांची, मॉडेल्सची, सौंदर्याची पानं चालवत होती. लाखो लोक गाण्यांसाठी ती पानं बघायचे, आणि मधूनच एखादी पोस्ट यायची, मुसलमानांनी अमुक केलं म्हणून. न्यूयॉर्क टाइम्सने ऑक्टोबर २०१८मध्ये हे छापलं. त्याआधी ऑगस्टमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी समितीने सेनाप्रमुखांवर खटला चालवायला हवा असं म्हटल्यावर, फेसबुकने त्यांचं खातं काढलं. नोव्हेंबरमध्ये कंपनीने मान्य केलं की आम्ही पुरेसं केलं नाही. पुढे कॉक्स बझारच्या छावणीतल्या रोहिंग्या तरुणांनी कंपनीकडे मागणी केली, की आमच्या शिक्षणासाठी दहा लाख डॉलर द्या. तुमच्यासारखीच मुलं. कंपनीने सांगितलं, आम्ही थेट दानधर्म करत नाही. दान कोण मागत होतं?

मला विचाराल तर दोष वापरणाऱ्यांचा की कंपनीचा, ही भांडणं कंपनीच्याच सोयीची आहेत. माझा दोष मी सांगितला. त्याने त्यांचा कमी होत नाही. राग आणि भीती जितकी जास्त, तितका वेळ आपण स्क्रीनला चिकटून राहतो, आणि त्या वेळेचेच त्यांना पैसे मिळतात.

आपल्या राज्यातलंही दोन शब्दांत सांगते, कारण तुम्हाला ते माहीत असायला हवं. २ जून २०१४, हडपसर. फेसबुकवर कुणीतरी विटंबना करणाऱ्या पोस्ट टाकल्या आणि नमाज पढून परतणाऱ्या सोलापूरच्या एका तरुणाला जमावाने मारून टाकलं. आयटी कंपनीत नोकरी करणारा मुलगा. त्या पोस्टशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जानेवारी २०२३मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली, या व्हॉट्सअॅपवरच्या अफवेतून बाजाराच्या दिवशी पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागत फिरणारी. त्या काळात देशभर मुलं पळवण्याचा म्हणून एक व्हिडिओ फिरत होता. तो कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला होता, शेवटची पाटी तेवढी कुणीतरी कापली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात फॉरवर्डवर मर्यादा घातली. किती जणांना? पाच. सहा वर्षांनी आम्ही फिरून त्याच आकड्यावर आलो होतो.

आता मोहल्ल्याचं. आमच्या फॅमिली ग्रुपवर माझे मोठे मामू रोज सकाळी दहा-बारा फॉरवर्ड टाकतात. त्यांना "मामू, हे फेक आहे" म्हटलं की घरात आठवडाभर अबोला. लेकीने चारचौघांत पाणउतारा केला म्हणतात. मग मी एकदा त्यांना वेगळं विचारलं. मामूंना दीनी किताबांचा नाद आहे, बरंच वाचलंय त्यांनी. मी म्हटलं, "मामू, हदीस गोळा करणाऱ्यांनी काय काय पाहिलं हो?" ते खुलले. सनद सांगितली, कुणी कुणाकडून ऐकलं त्याची पूर्ण साखळी. मधला एक रावी गाळलेला असला तरी चालत नाही. रावी खरोखर त्या माणसाला भेटला होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो कधी खोटं बोलल्याचं माहीत आहे का, हे तपासायला अस्मा-उर-रिजाल नावाचं अख्खं शास्त्र उभं राहिलं, हजारो रावींची चरित्रं लिहिली गेली. मी म्हटलं, "मग हा जो मेसेज आहे, त्याचा रावी कोण?" मामूंनी फोन लांब धरून बघितलं. वर दोन बाण आणि लिहिलेलं, अनेकदा फॉरवर्ड केलेला. म्हणाले, "रावीच नाही की गं."

मामू सुधारले असं नाही. परवाच त्यांनी लिंबू आणि कॅन्सरचं काहीतरी पाठवलं. पण आता कधीकधी मला आधी वेगळं पाठवून विचारतात, याची सनद बघ गं जरा.

एक गोष्ट मुलींसाठी. हे सगळं ऐकून घरी कुणी म्हणेल, म्हणूनच सांगतो, मोबाईल नको. २०२१मध्ये 'सुल्ली डील्स' आणि २०२२च्या जानेवारीत 'बुल्ली बाई' या अॅपवर मुस्लिम बायकांचे फोटो लिलावाला लावले, त्यानंतर कितीतरी घरांत मुलींनाच सांगितलं गेलं, फोटो काढून टाक, खातं बंद कर. चोरी झालेल्याच्या घरालाच टाळं! 'बुल्ली बाई'मध्ये मुंबई पोलिसांनी सुरुवातीला पकडलेली मुलं-मुली विशीच्या आसपासची होती. त्यांचा मला संताप येतो. आणि मग आठवतं, फोटो शेअर केला तेव्हा मी एकोणीसची होते.

२०१७मध्ये, रोहिंग्यांच्या बातम्या वाचून झोप येईना तेव्हा, मी माझ्या त्या पार्टनरला फेसबुकवर शोधलं आणि सगळं लिहिलं. स्टेशनवर मी खोटं बोलले नव्हते, पण खरंही नव्हतं, असं काहीतरी. चार दिवस उत्तर नाही. मग आलं, "जर्नल आहे का अजून?" होतं. मी कुरिअरने पाठवलं. तेव्हापासून अधूनमधून बोलणं व्हायचं.

मे २०२३मध्ये मणिपूर पेटलं. इंटरनेट बंद. माझ्या मेसेजवर एकच टिक, आठवडेच्या आठवडे. जुलैच्या शेवटी थोडं ब्रॉडबँड सुरू झालं, त्यानंतर तिचा फोन आला. घर शाबूत होतं. बोलता बोलता तिने सांगितलं, हिंसा सुरू झाली तेव्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या एका मुलीच्या प्रेताचा फोटो फिरला, आपल्या मैतेई मुलीवर कुकींनी अत्याचार करून मारलं म्हणून. त्यावरून सूड म्हणून कुकी बायकांवर हल्ले झाले. फोटो मणिपूरचा नव्हता, दिल्लीतल्या मुलीच्या खुनाचा होता, आदल्या वर्षीचा.

"माझ्याकडेही आला होता," ती म्हणाली. मी विचारलं, मग तू काय केलंस?

"तुझी आठवण आली," ती म्हणाली. "पाठवला नाही. पण भावाने पाठवला होता, माझ्याच शेजारी बसून. त्याला मी थांबवू शकले नाही."

एवढंच बोलायचं होतं. आता तुम्ही विचारा.