पाकीट कधी फोडायचे?

नांदेड-लातूरकडे जे वराहपालन करतात, किंवा राष्ट्रीय पशुधन अभियानातून शंभर माद्या आणि दहा नरांचा प्रकल्प उभारायच्या विचारात आहेत, त्यांच्याशी आज बोलायचे आहे. गोठा कसा बांधावा, अनुदान कसे मिळते हे तुम्ही जाणता. त्यात वेळ घालवत नाही. सांगायचे ते एवढेच, की निरोगी पिल्लांच्या खाद्यात रोज थोडे थोडे अँटिबायोटिक मिसळण्याची सवय सोडा आणि त्या जागी उपकारक जिवाणू, म्हणजे प्रोबायोटिक, द्या. पण ते वेळेवर द्या. ‘वेळेवर’ हे मी आज पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नका.

पिल्लाचे दूध तोडल्यानंतरचे दोन आठवडे हीच खरी कसोटी. आईच्या दुधातून मिळणारे संरक्षण एकदम थांबते, पिल्लाच्या जठरात अजून पुरेसे आम्ल तयार होत नाही, आणि दुधातल्या साखरेवर वाढून पोट आंबट ठेवणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू झपाट्याने घटतात. त्या मोकळ्या जागेत ई. कोलाय हे रोगकारक जिवाणू माजतात आणि पिल्लू हगवणीला लागते. या भीतीने आपण सगळ्याच पिल्लांना औषध चारतो. त्याने दुबळे जिवाणू मरतात, चिवट उरतात, आणि आपला चिवटपणा शेजारच्या जिवाणूंनाही देतात. कोलिस्टिनचे असेच झाले. माणसावर दुसरे काही चालेनासे झाले की डॉक्टर हे औषध काढतात. त्याला दाद न देण्याची ताकद जिवाणूंना देणारे आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारे जनुक २०१५ साली चीनमध्ये सापडले, तेही डुकरांतल्या जिवाणूंत. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. म्हणजे गोठ्यातली चूक दवाखान्यातल्या खाटेपर्यंत पोचते.

“जिवाणू विकत घेऊन जनावराला चारायचे?” असे कुणी हसून विचारील. अहो, दर जून महिन्यात तुम्ही जिवाणूच तर विकत घेता! दहा किलो सोयाबीनला रायझोबियमचे अडीचशे ग्रॅमचे पाकीट लावता ना? ते पेरणीआधी लावता. उभे पीक पिवळे पडल्यावर त्यावर पाकीट उधळत नाही. आधी बुरशीनाशक, मग शेवटी जिवाणू, हा क्रम पाळता. दोन्ही एकत्र कालवले तर जिवाणू मरतील हे तुम्हाला कळते. बियाणे सावलीत सुकवता, पाकिटावरची तारीख पाहता. मग पिल्लांच्या बाबतीत हे शहाणपण कुठे जाते? प्रोबायोटिकची पुडी पत्र्याखाली तापत पडलेली, त्याच बादलीत अँटिबायोटिक कालवलेले, आणि पुडी फोडायची ती हगवण लागल्यावर! मग म्हणायचे, गुण नाही आला. बीजप्रक्रियेसारखेच हे काम आधी करायचे आहे. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ साली हेच दाखवले. निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू कोवळ्या पिल्लांना आधीच पाजले, तर साल्मोनेला या रोगजंतूला तिथे सहज बस्तान बसवता येत नाही. आधी पाजले, हे ऐकलेत ना?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: औषध बंद केले तर धंदा बसेल. डेन्मार्कने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणे मोठ्या डुकरांत १९९८ साली आणि पिल्लांत २००० सालापर्यंत थांबवले. सुरुवातीला दूध तोडलेल्या पिल्लांत हगवण वाढली, उपचाराची औषधेही जास्त लागली. हे लपवण्यात अर्थ नाही. पण लांबचा हिशेब पाहा. १९९२ मध्ये तिथे वर्षाला १ कोटी ८४ लाख डुकरे तयार होत, २००८ मध्ये २ कोटी ७१ लाख झाली. आणि त्याच काळात दर किलो डुकरामागे लागणारे अँटिबायोटिक निम्म्याहून खाली आले. हे श्रेय एकट्या प्रोबायोटिकचे नाही. कोरडी जमीन, पिल्लांना आईजवळ जास्त दिवस, बेताचे प्रथिन, देखरेख, या सगळ्यांचे ते आहे. जिवाणूंच्या प्रयोगांचे निकाल सगळीकडे सारखे येत नाहीत, हेही खरे. कारण जिवाणूची जात वेगळी, मात्रा वेगळी, गोठा वेगळा. म्हणून ओल्या, घाण गोठ्यात नुसती पुडी टाकून चमत्काराची वाट पाहू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर बीजाणू धरणारे बॅसिलस सबटिलिस किंवा लायकेनिफॉर्मिस बरे. ते उष्णतेत आणि गोळीखाद्यातही तगतात. पुडीवर जिवाणूचे नाव, दर ग्रॅममधली संख्या आणि मुदत छापलेली नसेल, तर ती दुकानदाराला परत करा.

वेळ संपत आली. एक मात्र सांगितलेच पाहिजे. स्वाइन फीव्हरसारख्या विषाणूच्या रोगावर ना अँटिबायोटिक चालते ना प्रोबायोटिक, आणि जिवाणूंमुळे खरोखर आजारी पडलेल्या जनावराला औषध नाकारणे हा क्रूरपणा आहे. अशा वेळी पशुवैद्यकांना बोलवा, ते सांगतील तेवढेच दिवस औषध द्या. उदगीर आणि परभणी, दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे जाऊन विचारा, दुकानदाराला नव्हे. आणि पाकीट दूध तोडण्याआधी फोडा, हगवण लागल्यावर नाही.